'पिंगळावेळ' वाचताना अडकलात, तर आधी 'नियती' हा शब्द खाली ठेवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला भयकथा आवडतात. नारायण धारप वाचून झाले, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा झाल्या. मग कुणीतरी सांगितलं, जी. ए. कुलकर्णी वाच, त्याहून काळोखं मराठीत काही नाही. तुम्ही त्यांचं 'पिंगळावेळ' हे कथांचं पुस्तक आणलं. 'ऑर्फियस' अर्ध्यात टाकली, 'स्वामी' मात्र एका बैठकीत संपवली आणि त्या रात्री झोप धड लागली नाही. आता पुस्तक उशाशी पडून आहे. पुढे वाचावं का, वाचायचं तर कुठल्या क्रमाने, आणि हा माणूस एवढं निराश का लिहितो, असे तुमचे तीन प्रश्न.

मी २७ वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आमच्या गावातल्या वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कथावाचन चालवते. त्यामुळे जीए परीक्षेपुरते वाचणारे पाहिलेत, जीएंच्या नावाने डोळे मिटणारे भक्त पाहिलेत आणि 'हे काय बाई अघोरी' म्हणून पुस्तक परत करणाऱ्याही पाहिल्यात. तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. 'स्वामी' वाचून झोप उडाली असेल तर ती कथा तुम्हाला पोचली. 'ऑर्फियस' सुटली, त्याचं कारण अगदी साधं आहे, त्याकडे पुढे येते.

खरी अडचण अपेक्षेची आहे. धारपांच्या कथेत घरात काहीतरी शिरतं. बाहेरचं, परकं, अमानवी. त्याच्याशी झुंज होते, कधी माणूस जिंकतो, कधी नाही, पण कथा संपली की ते 'काहीतरी' कथेबरोबर जातं. आपण पुस्तक मिटून पाणी पितो. मतकरींकडे शेवटच्या पानावर एक कळ असते, ती दाबली की मागचं सगळं वेगळं दिसायला लागतं. हे दोन्ही मला मनापासून आवडतं, कुणी कमी लेखायला लागलं तर मी भांडते. पण तो हिशेब घेऊन जीएंकडे गेलात की पानोपानी वाट बघत बसता, आता येईल, आता येईल. येत कुणीच नाही. जे आहे ते पहिल्या पानापासून खोलीतच बसलेलं असतं.

आता 'नियती'. आमच्या वाचनालयात 'पिंगळावेळ'ची एक जुनी प्रत आहे, पाठीला कापडी पट्टी लावलेली. कुणा विद्यार्थ्याने 'स्वामी'च्या समासात पेन्सिलीने चार ठिकाणी 'नियती' लिहून ठेवलंय आणि एका ठिकाणी 'वेल = आशा?' असं, प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. त्या पोराला तिथे खरोखर काहीतरी जाणवलं होतं. बाकीच्या चार नोंदी गाइडातल्या. आणि गाइडात त्या कुणी घातल्या, तर आम्हीच. 'जीएंची कथा म्हणजे नियतीशरण माणसाची कथा' हे वाक्य मी स्वतः किती वर्षं फळ्यावर लिहिलं, ते आठवलं की लाज वाटते. चुकीचं नाहीये ते. पण एकदा नियती म्हटलं की वाचणारा पुढचं बघायचं सोडतो. नियतीच ती, तिच्यापुढे कोण काय करणार! कथेतली माणसं मग फक्त चिरडली जाण्यासाठी उभी असल्यासारखी दिसतात, आणि पुस्तक जड व्हायला लागतं. म्हणून माझ्या गटात मी एक नियम केलाय: वाचन संपल्यावर पहिला अर्धा तास 'नियती' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. त्याऐवजी एवढंच सांगायचं, की या कथेत कुणी स्वतःच्या हाताने काय केलं.

'स्वामी'वर हे करून बघा, ताजी आहे म्हणून. शेवट इथे फोडत नाही, बाकीच्यांनी वाचलेली नसेल. गोष्ट एवढीच, की प्रवासात खोळंबलेल्या एका माणसाला एक महंत भेटतो आणि आपल्या मठात घेऊन जातो. तिथे त्या माणसाला कोंडलं जातं, आणि ज्यांनी कोंडलं तेच त्याला 'स्वामी' म्हणून मान देतात. मग जमिनीखालची ती खोली, तो माणूस आणि एक वेल.

ही कथा आम्ही माडीवर मोठ्याने वाचली तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आले होते. त्यांनी जीएंचं नाव ऐकलेलं नव्हतं, नातवाला क्लासला सोडून वेळ घालवायला वर आले होते. वाचन संपलं. दोन-तीन जणांनी अस्तित्ववाद वगैरे काढला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई, त्यो म्हाराज येकदाबी आवाज चढवत न्हाई. त्याचंच भ्या वाटलं मला."

मी एवढी वर्षं शिकवलं, पण हे इतक्या थेट मला कधी सांगता आलं नव्हतं. त्या कथेत तलवार नाही, भूत नाही, शिवीसुद्धा नाही. सगळं आदराच्या भाषेत चाललंय. पाहुण्याची विचारपूस, सोय, मग शांतपणे समजावून सांगणं. हळूहळू तुमच्या लक्षात येतं की या माणसाशी वादच घालता येणार नाही, कारण तो तुमचं भलंच करतोय असं त्याला मनापासून वाटतंय. भयकथेत दार उघडतं तेव्हा छातीत धस्स होतं, इथे दार नमस्कार करून बाहेरून लावलं जातं. तुमची झोप याने उडाली. असला एखादा मऊ बोलणारा महंत प्रत्येकाच्या नात्यात, नाहीतर ऑफिसात, कुठेतरी असतोच.

पण आता हातांकडे बघा. कोंडलेल्या माणसाच्या हातात करण्यासारखं काय उरतं? जवळपास काहीच नाही. तरी तो एक गोष्ट करतो, त्या वेलीच्या बाबतीत, आणि ती त्याला कुणी करायला लावलेली नाही. अख्ख्या कथेत त्याने पूर्णपणे स्वतःहून घेतलेला तो एकच निर्णय. तो निर्णय हार आहे की जीत, यावर आमच्या माडीवर एकदा दिवे घालवायची वेळ होईपर्यंत भांडण झालं आणि शिपाई किल्ली वाजवत दारात येऊन उभा राहिला. 'नियती' म्हणून मोकळे झालो असतो तर दहा मिनिटांत चहा पिऊन घरी गेलो असतो. म्हणून 'स्वामी' पुन्हा एकदा वाचा, पण दिवसा, आणि शेवटची पानं घाई न करता. पहिल्या वाचनात आपण त्या माणसाच्या जागी गुदमरत असतो, त्यामुळे त्या वेलीकडे आपलं लक्षच नसतं.

दुसरी गोष्ट पेन्सिलीची. स्वतःची प्रत असेल तर 'सारखा', 'प्रमाणे', 'जणू' यांच्याभोवती गोल करत चला. वाचनालयाची असेल तर कृपा करून वहीत लिहा. दोन पानांत इतके गोल होतील की पान देवी आल्यासारखं दिसेल. मराठी कथेत उपमा एवढ्या दाटीने वापरणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. पळत वाचणाऱ्याला इथेच धाप लागते. गोष्ट पुढे सरकत नाही, वाक्य मात्र थांबून थांबून कशाकडे तरी बोट दाखवत राहतं. पण त्या उपमा एकेक सुट्या काढून बघा. किडे, पानं, जखमा, साप, काच, कापड, राख अशा हाताला लागणाऱ्या वस्तू निघतील. मोठमोठ्या कल्पना मांडणारा हा लेखक बघतो मात्र अगदी जवळून, धान्य निवडणाऱ्या बाईसारखा. (घ्या, माझ्याही वाक्यात 'सारखा' आलाच. संसर्ग होतो.) जीएंचा काळोख वाचायचा तो या वस्तूंच्या उजेडात. कथा संपल्यावर अर्थ काढायच्या आधी स्वतःला विचारा, डोळ्यापुढे कुठली वस्तू राहिली? ती राहिली असेल तर कथा पोचली. अर्थ येईल मागाहून, नाही आला तरी बिघडत नाही.

हेही सांगून टाकते, की हे दर वेळी साधतंच असं नाही. काही कथांत उपमा एवढ्या होतात की त्यांच्या ओझ्याखाली माणूस दिसेनासा होतो. 'काजळमाया'तली 'विदूषक' मी अनेकदा शिकवली. राजाच्या दरबारातली ती कथा बुद्धीला खाद्य देते, पण तिथले लोक बोलायला लागले की मला सगळ्यांच्या तोंडून जीएच बोलताहेत असं वाटतं. भक्त मंडळी यावर रागावतात. रागावू देत. एवढा मोठा लेखक आहे, माझ्या तक्रारीने त्याचं काय जातंय?

पुस्तकाच्या नावावर जरा रेंगाळू द्या, मला त्यात फार गंमत वाटते. पिंगळा म्हणजे घुबडाच्या कुळातला छोटा पक्षी. आणि पिंगळा म्हणजे पहाटे अंधार असतानाच दारात येऊन भविष्य सांगणारा भिक्षेकरीसुद्धा, त्या पक्ष्याची बोली आपल्याला कळते असं सांगणारा. माझी आजी त्याच्या आवाजाने जागी व्हायची आणि तो काय बोलतोय ते कान देऊन ऐकायची, पण आम्हा पोरांना उठू द्यायची नाही. तर पिंगळावेळ म्हणजे ही वेळ: रात्र संपलेली नाही, दिवस उगवलेला नाही आणि दारात उभा राहून कुणीतरी तुमच्याबद्दल काहीतरी सांगतंय, जे ऐकायचंही आहे आणि नकोही आहे. तुम्ही पुस्तक 'काळं' म्हणता. नावात बघा, काळोख आहे, पण पहाटेआधीचा.

त्यांच्या बाकीच्या संग्रहांची नावं ओळीने घ्या: 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२), 'रक्तचंदन' (१९६६), 'काजळमाया' (१९७२), 'सांजशकुन' आणि 'रमलखुणा' (दोन्ही १९७५), मग 'पिंगळावेळ' (१९७७). एकटा 'पारवा' सोडला तर प्रत्येक नाव पाच अक्षरांचं. आधी निळा, पारवा, हिरवा, रक्ताचा असे रंग येतात, मग काजळ, आणि त्यानंतर शकुन, रमल, पिंगळा अशी भविष्याची भाषा सुरू होते. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य बघण्याची विद्या. नुसत्या नावांवरूनही हा लेखक कुठून कुठे गेला ते कळतं. सुरुवातीच्या पुस्तकांत बेळगाव-धारवाडकडची घरं आहेत, ओढग्रस्त संसार, कुढणारी माणसं, वाड्यातल्या अंधाऱ्या खोल्या. पुढे हळूहळू राजे, प्रवासी, विदूषक, अज्ञात प्रदेश यायला लागतात. 'पिंगळावेळ'मध्ये हे दोन्ही एका मुठीत आहे, म्हणून पहिलंच पुस्तक म्हणून ते अवघड जातं. एक कथा घरातली, दुसरी थेट ग्रीक पाताळातली.

आता 'ऑर्फियस' का सुटली ते. जीए धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पाश्चात्त्य पुराणं, बायबल, 'डॉन किहोटे' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस हे त्यांच्या घरचं होतं, आणि वाचकाच्याही घरचं असेल असं गृहीत धरून ते लिहितात. तळटीप नाही, खुलासा नाही. मूळ गोष्ट मी दोन ओळींत सांगते. ऑर्फियस हा असा गायक-वादक, की त्याच्या वाद्याने झाडं-दगडही हलायचे. त्याची बायको युरिडिसी सर्पदंशाने मेली. तो तिला आणायला मृतांच्या राज्यात गेला आणि तिथल्या राजाला संगीताने वितळवलं. अट एकच: वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो वळला, आणि ती कायमची गेली. एवढं डोक्यात ठेवून पुन्हा वाचा, आणि एकच प्रश्न सोबत घ्या: जीएंचा ऑर्फियस का वळला? सत्यवान-सावित्री माहीत नसलेल्या माणसाच्या हातात सावित्रीवरची आधुनिक कविता दिली तर तो जसा चाचपडेल, तसे तुम्ही चाचपडलात. 'यात्रिक'चंही तेच. ती डॉन किहोटेची आहे. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर धावून जाणारा तो म्हातारा सरदार आणि त्याचा सेवक सांचो एवढे ओळखीचे असले तरी पुरे.

क्रम विचारलात. उद्या 'कैरी' वाचा. ती याच पुस्तकात आहे. मावशीच्या घरी राहायला गेलेल्या लहान मुलाची कथा, त्याच्याच नजरेतून सांगितलेली. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही केला आहे, पण तो नंतर बघा. इथे उपमांची ती दाटी एकदम विरळ होते, कारण सांगणारं मूल आहे, आणि मुलाला सगळ्याचा अर्थ लावता येत नाही. मोठ्यांच्या संसारात काय बिघडलंय ते त्याला कळत नाही, आपल्याला कळतं. त्या दोन समजुतींच्या मधल्या फटीतून जे गार वारं येतं, ते मला 'स्वामी'तल्या कोठडीपेक्षाही सोसवत नाही. 'कैरी'नंतर 'ऑर्फियस', मग 'यात्रिक'. बाकीच्या कथा मनाला येईल तशा. मग 'हिरवे रावे' किंवा 'रक्तचंदन'कडे मागे जा, तिथे जमिनीवर पाय टेकतात. 'रमलखुणा' अगदी शेवटी. तिच्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत, आणि त्या घाईने वाचणं म्हणजे पंगतीतून अर्ध्यावर उठणं.

वेग म्हणाल तर आठवड्याला एक कथा. एकामागोमाग एक वाचू नका. मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून जीएंची कथा यायची तेव्हा लोक ती एकटी वाचत, महिना-महिना तिच्यावर बोलत. संग्रहात एकाशेजारी एक लावल्यावर आपण त्या मालिकेचे भाग बघितल्यासारख्या ओढतो आणि मग म्हणतो, फार काळं आहे बुवा. एका बसणीत आठ विडे खाल्ले तर तोंड भाजणारच, त्यात पानाचा काय दोष?

आणखी एक, हे जरा गंभीरपणे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा स्वतःच्या मनाची अवस्था नाजूक असेल, झोप महिनोन्महिने नीट नसेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा. आमच्या गटातल्या एका बाईंनी आई गेल्यावर पंधरवड्याने 'कैरी' वाचायला घेतली आणि अर्ध्यावर पुस्तक माझ्या हातात देऊन गेल्या. वर्षाने परत मागितलं, तेव्हा वाचली. पुस्तक कुठे पळून जात नाही. साहित्य ताकद देतं वगैरे मीही भाषणात म्हणते, पण प्रत्येक पुस्तकाची वेळ असते आणि ती वाचणाऱ्यानेच ठरवायची.

राहिला शेवटचा प्रश्न, एवढं निराश का. याचं उत्तर लोक लगेच जीएंच्या आयुष्यात शोधतात. काळा चष्मा, समारंभ टाळणं, धारवाडचं एकांतातलं राहणं, 'काजळमाया'ला मिळालेला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार वादानंतर परत करणं. हे सगळं खरं आहे. पण त्यातून कथेचा काळोख उलगडतो असं मला वाटत नाही. चष्मे पुष्कळजण घालतात. शंका असेल तर त्यांची सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं वाचा. ती छापलेली आहेत. इतका मिस्कील, गप्पिष्ट, वाचनवेडा माणूस भेटेल की तुम्ही पुस्तकाचं कव्हर पुन्हा तपासून बघाल. आणि 'बखर बिम्मची' वाचा. लहान मुलाच्या डोळ्यांनी लिहिलेलं, हसत हसत वाचायचं पुस्तक, आणि लिहिणारा हात तोच. ज्याला बिम्म दिसतो त्याला 'कैरी'तलं पोरही दिसतं, मला तरी या दोन पुस्तकांत दोन वेगळे लेखक कधी दिसले नाहीत. निराश माणूस जगाकडे बघायचं सोडून देतो. जीए एखाद्या वेलीचं, एखाद्या किड्याचं वर्णन करताना जी चिकाटी दाखवतात, ती मला निराश माणसाची वाटत नाही.

तेव्हा पुस्तक उशाशी ठेवू नका, जेवणाच्या टेबलावर आणून ठेवा. रविवारी दुपारी, घरात भांड्यांचे आवाज येत असताना 'कैरी' काढा. शक्य असेल तर मोठ्याने वाचा, ऐकायला कुणी असेल तर उत्तमच. आणि मग इथेच मला कळवा, डोळ्यापुढे कुठली वस्तू राहिली ते. कैरी सोडून.